पुण्यातील मूत्रपिंड विकारग्रस्त कुटुंबांना धर्मादाय मदत

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराने ग्रस्त असलेल्या रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना पुणे शहर आणि परिसरात व्यक्ती, सार्वजनिक न्यास, देवस्थाने, गणेशोत्सव मंडळे, सेवाभावी संस्था आणि धर्मादाय रुग्णालये यांच्याकडून जे आर्थिक व इतर साहाय्य मिळते, त्याचा परिचय या लेखात आहे. राज्यातील इतर भागांत, विशेषतः मुंबईत, अशा कार्याची परंपरा अधिक जुनी असल्याने तेथील काही संस्थांचाही उल्लेख केला आहे. उदाहरणादाखल धायरी या सिंहगड रस्त्यालगतच्या उपनगराचा विचार केला आहे. धायरीसारख्या भागातील कुटुंबाला उपचार कोठे मिळतात, तेथवर पोहोचण्यास काय पडते आणि मदत कोणत्या टप्प्यावर अपुरी ठरते, हे त्यावरून स्पष्ट होते.

आजाराचे स्वरूप

दोन्ही मूत्रपिंडांची कार्यक्षमता हळूहळू आणि कायमची कमी होत जाणे, यास दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची सर्वांत मोठी कारणे आहेत. आनुवंशिक विकार, मूतखड्यामुळे वारंवार होणारा अडथळा आणि वेदनाशामक औषधांचा वर्षानुवर्षे केलेला अनिर्बंध वापर यांमुळेही मूत्रपिंडे निकामी होतात. आरंभी हा आजार दुखत नाही. त्यामुळे अनेकांना तो कळतो तेव्हा शेवटचा टप्पा आलेला असतो आणि डायलिसिस (पाठ्यपुस्तकी संज्ञेने अपोहन) किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण एवढेच दोन मार्ग उरतात.

रक्ताच्या डायलिसिससाठी आधी हातातील धमनी आणि शीर जोडण्याची एक छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर आठवड्यातून सामान्यतः तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास रुग्णाला यंत्राला जोडले जाते. वर्षाचा हिशेब १५६ वेळांचा होतो. भारतात खर्च आणि अंतर यांमुळे अनेक रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करून घेतात. मधला एखादा दिवस चुकला, तर शरीरात पाणी साठते, धाप लागते आणि रुग्णाला तातडीने अतिदक्षता विभागात न्यावे लागू शकते. डायलिसिस मूत्रपिंड बरे करत नाही, त्याचे काम तेवढे करते. म्हणून प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा आयुष्यभर ते चालू ठेवावे लागते.

धर्मादाय मदतीच्या दृष्टीने या आजाराचे वेगळेपण यातच आहे. मोतीबिंदू, हृदयाची झडप किंवा मोडलेले हाड यांसाठी एकदा पैसे उभे केले की दात्याचे काम बहुतेक संपते. डायलिसिसच्या रुग्णासाठी आज केलेली मदत परवा पुन्हा लागते.

धायरी परिसर आणि उपचारांची ठिकाणे

धायरी हे हवेली तालुक्यातील जुने गाव असून धारेश्वर हे तेथील ग्रामदैवत आहे. गावाचा काही भाग १९९७ मध्ये आणि उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये, अन्य गावांबरोबर पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला. धायरी आणि शेजारचे नऱ्हे येथे लघुउद्योगांच्या अनेक कार्यशाळा आहेत. तेथे काम करणारे कामगार, रिक्षा व टेम्पो चालवणारे, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि भोर, वेल्हे, पानशेतकडून पोटासाठी शहरालगत येऊन भाड्याने राहिलेली कुटुंबे अशी मोठी वस्ती या भागात आहे. यांपैकी बहुतेकांना कामाच्या दिवसाचेच पैसे मिळतात.

या वस्तीला जवळचे मोठे रुग्णालय म्हणजे नऱ्हे येथील श्रीमती काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. धनकवडीचे भारती रुग्णालय आणि एरंडवण्याचे दीनानाथ मंगेशकर रुग्णालय त्यापुढे येतात. पूर्णतः शासकीय असलेले ससून सर्वोपचार रुग्णालय पुणे स्थानकाजवळ, धायरी फाट्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर आहे. महानगरपालिकेचे कमला नेहरू रुग्णालय मंगळवार पेठेत आहे.

अंतराचा हा तपशील किरकोळ वाटेल, पण खर्चाच्या हिशेबात तो फार मोठा ठरतो. सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार पुण्यात रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रतिकिलोमीटर १७ रुपये होते. या दराने १२ किलोमीटरचा एकेरी प्रवास सुमारे २०३ रुपयांचा होतो आणि जाऊन-येऊन चारशे रुपयांच्या वर लागतात. १५६ फेऱ्यांचे वर्षाचे रिक्षाभाडे साठ हजारांच्या पुढे जाते. म्हणजे डायलिसिस पूर्णतः मोफत मिळाले, तरी केवळ तेथे पोहोचण्यासाठी एवढी रक्कम लागते. बस स्वस्त पडते हे खरे. परंतु डायलिसिसनंतर रक्तदाब खाली गेलेल्या, चक्कर येणाऱ्या रुग्णाला गर्दीच्या वेळी सिंहगड रस्त्याने बसमध्ये उभे राहून आणणे सर्वांना शक्य होत नाही.

कुटुंबावरील भार

खासगी रुग्णालयांत डायलिसिसच्या एका वेळेचा खर्च साधारणपणे एक ते अडीच हजार रुपये असतो. दीड हजारांचा दर धरला तरी वर्षाला २ लाख ३४ हजार रुपये होतात. शिवाय रक्तातील हिमोग्लोबिन टिकवण्यासाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने, लोहाची इंजेक्शने, रक्तदाबाची औषधे आणि दरमहा रक्ततपासण्या लागतात.

रुग्णालयाच्या बिलात न दिसणारा खर्च याहून चिवट असतो. रुग्णाबरोबर एक माणूस लागतो, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस घरातील दोन माणसांचा रोजगार बुडतो. कार्यशाळेत यंत्रावर उभा राहणारा कामगार असे खाडे करून नोकरी टिकवू शकत नाही. कमावता पुरुष आजारी पडला की पत्नी काम शोधते आणि तीच सोबतीलाही जाते. मुलांपैकी थोरल्याची, बहुधा मुलीची, शाळा सुटते. आधी दागिने गहाण पडतात, मग गावाकडची जमीन विकली जाते.

आहाराचाही प्रश्न असतो. रुग्णाला मीठ, लोणचे, पापड, केळी, शहाळ्याचे पाणी वर्ज्य किंवा मर्यादित असते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे लागते आणि दिवसभरात पाणीही मोजून प्यावे लागते. याउलट, डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, कारण काही प्रथिने डायलिसिसमध्ये निघून जातात. सणासुदीला वाटल्या जाणाऱ्या शिधासंचात तेल, साखर, मीठ, मसाला आणि क्वचित लोणच्याची बरणीही असते. असा शिधा घरातील इतरांच्या उपयोगी पडतो, रुग्णाच्या ताटाला मात्र त्याचा फारसा आधार होत नाही. ज्या संस्था आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने अंडी, पनीर किंवा प्रथिनांची भुकटी देतात, त्यांची मदत थेट रुग्णाच्या ताटात पडते.

धर्मादाय रुग्णालये आणि कायदा

पुण्यातील रुग्णसेवेचा पायाच देणग्यांवर उभा आहे. ससून रुग्णालयाची इमारत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिली आणि १८६७ मध्ये पूर्ण झाली. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालय १९१२ चे, जहांगीर रुग्णालय १९४६ चे आणि रुबी हॉल क्लिनिक १९५९ चे. पुढच्या काळात पूना हॉस्पिटल, दीनानाथ मंगेशकर रुग्णालय अशा अनेक रुग्णालयांची उभारणी सार्वजनिक न्यासांनी केली.

न्यासाच्या रुग्णालयात गरिबाला सवलत मिळणे हा केवळ मालकाच्या मनाचा मोठेपणा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (पूर्वीचे नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) यातील कलम ४१ अअ अन्वये अशा रुग्णालयांवर निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांवर उपचार करण्याचे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने त्यासाठीची सविस्तर योजना मंजूर झाली आणि ती १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आली. त्यानुसार एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत उपचारांकरिता आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात जमा करून त्यातून हा खर्च भागवायचा असतो. उत्पन्नाच्या मर्यादा आरंभी फारच कमी होत्या. त्या वेळोवेळी वाढवण्यात आल्या असून निर्धनांसाठी वार्षिक १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत नेण्यात आल्या. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णालयाने रुग्णाला दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणे बंधनकारक आहे.

लाभ घेण्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका यांसारखी कागदपत्रे लागतात. धायरीच्या रहिवाशांना दाखल्यासाठी हवेली तहसील कार्यालय गाठावे लागते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक हा या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाचा, पण बहुतेक कुटुंबांना माहीत नसलेला माणूस होय. तक्रार असल्यास पुण्यातील धर्मादाय सह आयुक्त कार्यालयाकडे जाता येते.

डायलिसिसच्या बाबतीत या योजनेची एक अंगभूत मर्यादा आहे. योजना मुख्यतः खाटांच्या हिशेबाने आखलेली आहे. डायलिसिसचा रुग्ण मात्र खाट अडवत नाही, तो दर दोन दिवसांनी येतो आणि जातो. निधी महिन्यागणिक जमा होतो, त्यातून एका शस्त्रक्रियेचा खर्च एकदा वजा होतो, पण एका डायलिसिस रुग्णाचा खर्च कधीच संपत नाही.

शासकीय योजनांशी संबंध

मूत्रपिंड विकारावरील उपचारांचा मोठा भार आज शासकीय योजना उचलतात, आणि धर्मादाय मदतीचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये सुरू झाली. तिचेच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झाले. डायलिसिस आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण या दोन्हींचा तीत समावेश आहे. प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाख रुपये होती. २०२३ मध्ये घेतलेल्या निर्णयाने ती साडेचार लाख रुपये करण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबासाठीचे वार्षिक संरक्षण पाच लाखांवर नेण्यात आले. केंद्र शासनाने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. पुणे महानगरपालिका आपल्या हद्दीतील अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजना चालवते. धायरीच्या ज्या भागाचा समावेश २०१७ मध्ये झाला, तेथील कुटुंबे हद्दीबाहेर असेपर्यंत या योजनेस पात्र नव्हती. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मूत्रपिंडाच्या आजारासाठी अर्थसाहाय्य दिले जाते. याखेरीज रेल्वेमध्ये डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी प्रवास करणारा रुग्ण आणि त्याचा एक सोबती यांना शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत आहे. एसटीच्या साध्या बसमध्येही डायलिसिसच्या रुग्णांना प्रवास सवलत मिळते.

त्यामुळे ‘गरिबाला डायलिसिस परवडत नाही’ हे विधान आता अर्धेच खरे आहे. योजनेत बसणाऱ्या रुग्णाचे यंत्रावरचे चार तास बहुधा मोफत असतात. कुटुंब मोडते ते त्या चार तासांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खर्चाने. आजार कळल्यापासून योजनेची मंजुरी मिळेपर्यंतचे दिवस, योजनेतील रुग्णालयात शिफ्ट रिकामी नसल्याने खासगी केंद्रात काढावे लागलेले आठवडे, बाहेरून आणावी लागणारी इंजेक्शने, प्रवास आणि बुडालेला रोजगार यांना कोणत्याही योजनेत पुरेसे स्थान नाही. धर्मादाय मदतीची खरी जागा येथे आहे. मध्यमवर्गीय म्हणवणाऱ्या कुटुंबांची अडचण तर निराळीच. उत्पन्न मर्यादेच्या थोडे वर असल्याने सवलत नाही आणि विम्याची रक्कम पहिल्या वर्षातच संपलेली, अशी त्यांची स्थिती असते.

देवस्थाने, मंडळे आणि सेवाभावी संस्था

महाराष्ट्रात देवस्थाने आणि गणेशोत्सव मंडळे यांनी रुग्णसेवेत घातलेले लक्ष ही या विषयातील एक ठळक बाब आहे. मुंबईच्या प्रभादेवी येथील श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास गरजू रुग्णांना वैद्यकीय अर्थसाहाय्य देतो आणि अल्प शुल्कात डायलिसिस केंद्रही चालवतो. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचे डायलिसिस केंद्र नाममात्र दरासाठी ओळखले जाते. भाविकांनी उत्सवाच्या दहा दिवसांत टाकलेल्या पैशांवर वर्षभर रुग्णांचे रक्त शुद्ध होते, हे या केंद्राचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. परळ येथील नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची राहण्याची सोय करते. तिनेही अल्प दरातील डायलिसिसची जोड आपल्या कामाला दिली आहे. निवास आणि उपचार एकाच छताखाली आणणारी ही कल्पना मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण प्रवासाचा प्रश्नच त्यामुळे मिटतो.

पुण्यात श्रीमंत दगडूशेठ हलवाई सार्वजनिक गणपती ट्रस्टच्या वतीने ससून रुग्णालयातील रुग्णांना मोफत भोजन दिले जाते. हे साहाय्य केवळ मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी नाही. तथापि आठवड्यातून तीन दिवस सकाळी घर सोडणाऱ्या कुटुंबाला रुग्णालयात मिळणाऱ्या ताटाचे मोल वेगळे सांगायला नको. रोटरी आणि लायन्स या संघटनांच्या शाखांनी राज्यातील अनेक रुग्णालयांना डायलिसिस यंत्रे दिली आहेत. कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. आरोग्यसेवा ही त्यांपैकी एक मान्य बाब आहे. पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यामुळे हा स्रोत येथे महत्त्वाचा आहे.

आजाराविषयी शिक्षण आणि मार्गदर्शन करणाऱ्या संस्थांमध्ये मुंबईचे नर्मदा किडनी फाउंडेशन आणि अवयवदानाच्या क्षेत्रातील, १९९७ मध्ये चेन्नईत स्थापन झालेले व महाराष्ट्रातही कार्यरत असलेले मोहन फाउंडेशन यांचा उल्लेख करावा लागेल. चेन्नईतील टँकर फाउंडेशन सवलतीच्या दरात डायलिसिस देते.

यंत्राची देणगी आणि चालू खर्च

डायलिसिस यंत्राची किंमत साधारणपणे सहा ते आठ लाख रुपये असते. ही रक्कम एका संस्थेला किंवा दात्या कुटुंबाला पेलण्यासारखी असल्याने आणि यंत्रावर दात्याच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लावता येत असल्याने यंत्रदान लोकप्रिय आहे. परंतु यंत्र ही खर्चाची सुरुवात असते. प्रत्येक वेळी कृत्रिम मूत्रपिंड म्हणून काम करणारी गाळणी, नळ्या, क्षारांचे द्रावण, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, प्रशिक्षित तंत्रज्ञ, परिचारिका, मूत्रपिंडविकार तज्ज्ञाची देखरेख आणि यंत्राची वार्षिक देखभाल यांची गरज असते.

पाण्याचा तर वेगळाच हिशेब आहे. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर अतिशुद्ध पाणी एका रुग्णासाठी लागते. ते तयार करताना शुद्धीकरण यंत्रणेतून बरेचसे पाणी वाया जात असल्याने नळाचे किंवा टँकरचे पाणी त्याहून कितीतरी अधिक घ्यावे लागते. धायरीसह समाविष्ट गावांतील अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात. अशा भागात केंद्र उभारायचे झाल्यास उन्हाळ्यातील टँकरचा खर्च देणगीदाराच्या कागदावर आधीच लिहिलेला असावा. तो नसेल तर चांगले यंत्र झाकून ठेवण्याची वेळ येते.

ब प्रकारच्या काविळीची लागण असलेल्या रुग्णासाठी स्वतंत्र यंत्र आवश्यक असते. लहान केंद्रांना एक यंत्र अशा एखाद्या रुग्णासाठी राखून ठेवणे परवडत नाही आणि त्याला दूरचे केंद्र शोधावे लागते. पाचवे-सहावे यंत्र देऊ इच्छिणाऱ्या दात्याने केंद्रचालकांना पहिल्यांदा हाच प्रश्न विचारावा, असे या क्षेत्रातील व्यवहार पाहता वाटते.

यंत्राऐवजी ‘एका रुग्णाचा एक महिना’ किंवा ‘एका रुग्णाचे एक वर्ष’ अशा रीतीने पालकत्व घेणे हा दुसरा मार्ग होय. केंद्राचा दर चारशे रुपये असल्यास महिन्याच्या १३ वेळांचे ५,२०० रुपये होतात. सेवानिवृत्त व्यक्ती, सोसायटीतील चार-पाच घरे किंवा जुन्या विद्यार्थ्यांचा एखादा गट यांना ही रक्कम झेपू शकते. या पद्धतीत नाव दिसत नाही, आणि मध्येच हात आखडता घेतला तर रुग्णाची वेळ चुकते. म्हणूनच अनुभवी संस्था अशा देणगीदाराकडून किमान सहा महिन्यांची हमी घेणे पसंत करतात किंवा जमा रकमेचा एक भाग राखीव ठेवतात.

प्रत्यारोपण आणि अवयवदान

प्रत्यारोपण झाल्यास रुग्ण यंत्रापासून सुटतो आणि बहुधा कामावर परत जाऊ शकतो. मात्र शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे कायमची घ्यावी लागतात. योजनांतील किंवा दात्यांनी दिलेली मोठी रक्कम शस्त्रक्रियेवर खर्च होते आणि त्यानंतरच्या दरमहाच्या औषधांकडे दुर्लक्ष होते. पैशाअभावी गोळ्या अर्ध्या केल्या किंवा थांबवल्या, तर मूत्रपिंड निकामी होऊन रुग्ण पुन्हा डायलिसिसवर येतो. घरातल्याच कोणाचे तरी दिलेले मूत्रपिंड असे वाया जाणे ही या आजारातील सर्वांत दुःखद घटना म्हणता येईल. प्रत्यारोपणासाठी पैसे उभे करताना पहिल्या दोन-तीन वर्षांच्या औषधांची तरतूद त्याच वेळी करणे म्हणून आवश्यक ठरते.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला. तो आरंभी ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांत आजी-आजोबा व नातवंडे यांची भर पडली आणि रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना परस्परांत मूत्रपिंडांची अदलाबदल करण्याची मुभा मिळाली. मूत्रपिंडाची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा असून त्यास पाच ते दहा वर्षे कारावास आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंडाची तरतूद आहे.

या कायद्यातील एक सूक्ष्म तरतूद फारशी परिचित नाही. ‘मोबदला’ या संज्ञेच्या व्याख्येतून अवयव काढण्याचा खर्च, तसेच दानामुळे दात्याला थेट आलेला वाजवी खर्च आणि बुडालेले उत्पन्न हे वगळलेले आहे. म्हणजे पतीला मूत्रपिंड देणाऱ्या आणि त्यामुळे महिना-दीड महिना कामावर जाऊ न शकणाऱ्या स्त्रीची बुडालेली मजुरी एखाद्या न्यासाने भरून देणे कायद्याच्या विरोधात नाही. अशा मदतीची नोंद रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत आणि पावतीनिशी होणे मात्र उचित.

भारतातील बहुतेक मूत्रपिंड प्रत्यारोपणे जिवंत दात्यांमुळे होतात आणि या दात्यांमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. घेणाऱ्यांत मात्र पुरुष अधिक असतात. आई, पत्नी, बहीण यांच्या या दानाला ‘दान’ म्हणताना त्यांची संमती कितपत मोकळी होती, हा प्रश्न प्रत्यारोपण समन्वयकांना प्रत्येक वेळी विचारावा लागतो. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाचे प्रमाण वाढणे हा त्यावरचा एक उपाय आहे. पुणे विभागात या अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार करते. अशी केंद्रे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत. पश्चिम भारतासाठीची संस्था मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आहे. २०२३ पासून ३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो.

इतर देशांतील अनुभव

विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समधील कांपेन येथे कृत्रिम मूत्रपिंड तयार केले आणि युद्धानंतर आपली यंत्रे परदेशांतील रुग्णालयांना विनामूल्य देऊन टाकली. अमेरिकेतील सिॲटल येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या डायलिसिस केंद्रात जागा थोड्या आणि रुग्ण अधिक असल्याने कोणाला उपचार द्यावेत हे ठरवण्यासाठी सामान्य नागरिकांची एक समिती नेमावी लागली. रुग्णाचे वय, मुले, नोकरी, सामाजिक स्थान यांवर जगणे-मरणे ठरू लागल्याने तिच्यावर मोठी टीका झाली. १९७२ मध्ये अमेरिकी संसदेने या रुग्णांचा उपचार सार्वजनिक विम्यात आणला. तरीही, १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन किडनी फंडाचे काम थांबले नाही. उपचाराबाहेरचे खर्च तेथील रुग्णांनाही भागवावे लागतातच.

पुण्यातील किंवा मुंबईतील अल्पदर केंद्रांनाही सिॲटलचा प्रश्न लहान प्रमाणात भेडसावतो. शिफ्ट भरलेल्या असतात आणि नवीन नाव यादीत घ्यायचे ते कोणी तरी जागा रिकामी केल्यावर. ती कशी रिकामी होते, हे यादीतील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असते.

आक्षेप आणि मर्यादा

समाजमाध्यमांवरून आणि निधी संकलनाच्या संकेतस्थळांवरून मदतीची आवाहने करण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. लहान मुलाचे किंवा तरुण आईचे छायाचित्र असलेल्या आवाहनाला प्रतिसाद लवकर मिळतो, पन्नाशीच्या मधुमेही कामगाराला तो मिळत नाही. रुग्णाचे छायाचित्र, निदान आणि पत्ता यांचा प्रसार झाल्यावर तो परत घेता येत नाही. मुलीचे लग्न ठरवताना ही गोष्ट आड आल्याची भीती कुटुंबे बोलून दाखवतात. देणगी रुग्णालयाच्या खात्यावर थेट भरणे, हा फसवणूक टाळण्याचा साधा मार्ग आहे.

यंत्र किंवा धनादेश सुपूर्द करण्याच्या समारंभात रुग्णांना रांगेत उभे करण्याची प्रथाही टीकेस पात्र ठरली आहे. प्रतिबंधाकडे दात्यांचे लक्ष कमी असते, हा आणखी एक आक्षेप. रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनीन तपासणे यांना फारसा खर्च येत नाही. एका यंत्राच्या किमतीत एखाद्या प्रभागातील हजारो लोकांची अशी तपासणी होऊ शकते. मार्चमधील दुसऱ्या गुरुवारी येणाऱ्या जागतिक मूत्रपिंड दिनाला शिबिरे होतात. शिबिरात दोष आढळलेल्यांचा पाठपुरावा करणारी व्यवस्था मात्र विरळा असते.

रुग्णाच्या पश्चात

रुग्ण दगावल्यावर वैद्यकीय मदत त्याच दिवशी बंद होते. घेतलेले कर्ज, गहाण दागिने आणि मुलांचे अर्धवट शिक्षण हे कुटुंबाकडे राहते, आणि बहुतेक न्यासांच्या उद्दिष्टांत ‘रुग्णसाहाय्य’ असा शब्द असल्याने त्या कुटुंबाला त्यांच्याकडून काही देता येत नाही. शैक्षणिक न्यासांकडे मुलांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात मरण पावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार रुपये मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा दीड हजार रुपये मिळू शकतात. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात करावे लागतात. निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. धायरीत एका खोलीचे भाडेही याहून अधिक असते.